नात्याचा रकाना

सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला नकार दिला, एवढीच गोष्ट बहुतेकांच्या लक्षात राहिली आहे. ‘सुप्रियो विरुद्ध भारत सरकार’ हा निकाल १७ ऑक्टोबर २०२३ चा. चार निकालपत्रं, साडेतीनशेहून जास्त पानं. एवढं वाचायला वेळ कुणाला? त्या संध्याकाळी वाहिन्यांवर कुणी संस्कृती वाचल्याचा आनंद साजरा केला, कुणी न्यायालयाने पाठ फिरवली म्हणून हळहळलं. क्रिकेटचा विश्वचषक चालू होताच; दोन दिवसांत सगळे तिकडे वळले.

माझी तक्रार त्या नकाराबद्दल नाही. लग्न करणं हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असं पाचही न्यायमूर्ती म्हणाले. त्यावर वाद घालता येईल, पण ते म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. विशेष विवाह कायदा संसदेने १९५४ साली केला तो स्त्री-पुरुषांना डोळ्यांपुढे ठेवून. नवरा एकवीस वर्षांचा हवा, नवरी अठराची, पोटगी बायकोला, घटस्फोट मागायची काही जादा कारणंही फक्त बायकोला. ‘पती’ आणि ‘पत्नी’ खोडून तिथे ‘जोडीदार’ लिहिलं की झालं, इतकं ते सोपं नाही. हे सरन्यायाधीश चंद्रचूड यांनाही मान्य होतं, आणि ते तर याचिकाकर्त्यांना बरंच काही द्यायला निघाले होते. मला खटकतं ते पुढचं. समलिंगी जोडप्यांच्या बाबतीत कायद्यांचा परिणाम भेदभावाचा होतो, हे न्यायालयाने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं आणि तो भेदभाव दूर करायचं काम मात्र कुणाच्याच गळ्यात बांधलं नाही. अन्याय शाबीत, दाद नामंजूर.

निकालाची फोड थोडक्यात अशी. न्या. चंद्रचूड आणि न्या. कौल म्हणाले, जोडीदार निवडून त्याच्याबरोबर आयुष्य काढायचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि त्या नात्याला शासनाने कोणत्या ना कोणत्या रूपात मान्यता दिलीच पाहिजे. अशा जोडप्यांना मूल दत्तक घेऊ न देणारा नियमही त्यांनी चुकीचा ठरवला. न्या. भट, न्या. कोहली आणि न्या. नरसिंह यांचं म्हणणं असं, की एकत्र राहायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही, पण तुमच्या नात्याला कायदेशीर दर्जा द्या असा हुकूम आम्ही शासनाला सोडू शकत नाही. तीन विरुद्ध दोन. ट्रान्स स्त्री आणि पुरुष किंवा ट्रान्स पुरुष आणि स्त्री यांचं लग्न मात्र आजच्या कायद्यातही होऊ शकतं, यावर पाचांचं एकमत झालं. ही या निकालातली ठोस कमाई, आणि तिची चर्चा फारशी कुणी केली नाही.

बहुमताच्या बाजूचं मुख्य निकालपत्र न्या. भट यांचं. भविष्य निर्वाह निधी, कुटुंब निवृत्तिवेतन, नुकसानभरपाई असे लाभ कायदा नवरा-बायकोला देतो. वर्षानुवर्षं एका छपराखाली राहिलेल्या समलिंगी जोडीदारांना ते मिळत नाहीत. हेतू तसा नसला तरी परिणाम भेदभावाचा होतो, हे त्यांनी मान्य केलं. शासनाने त्यात लक्ष घालावं असंही म्हटलं. लक्ष कोण घालणार? सुनावणी चालू असतानाच, मे २०२३ मध्ये, सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनी कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायची तयारी दाखवली होती. न्यायालयाने ते विधान नोंदवून घेतलं. समितीला मुदत घातली नाही. अहवाल आमच्यापुढे आणा, असंही म्हटलं नाही. सरकारी समितीला मुदत न घालणं म्हणजे काय, हे या राज्यात कुणाला समजावून सांगायला नको.

समिती नेमली गेली ती एप्रिल २०२४ मध्ये. सहा जण, सगळे सचिव. त्याच वर्षीच्या ऑगस्टच्या सुमारास काही पत्रकं निघाली. शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच घरातले समजावं. बँकेत त्यांना संयुक्त खातं उघडता येतं, जोडीदाराला नॉमिनी करता येतं. रक्ताचं जवळचं माणूस हजर नसेल, तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. शिधापत्रिकेची सूचना चांगली आहे, तिचा उपयोग गरिबाला होतो. बँकेच्या बाबतीत मात्र सरकारने नवीन काही दिलं नाही. कुठल्याही दोन माणसांना संयुक्त खातं काढायला आधीही बंदी नव्हती, नॉमिनीही हवा तो लावता येत होता. काउंटरवरचा माणूस भुवया उंचावायचा. पत्रकामुळे त्या खाली आल्या असतील तर बरंच झालं.

मी वकिली करतो ती कोर्टातली कमी आणि कागदपत्रांची जास्त. मृत्युपत्रं, बक्षीसपत्रं, सोसायटीची भांडणं. त्यामुळे ‘नॉमिनी’ या शब्दावर लोकांचा किती भरवसा असतो ते रोज बघतो. नॉमिनी लावला म्हणजे पैसा त्याचा झाला, असं नव्वद टक्के लोकांना वाटतं. तसं नसतं. नॉमिनी हा राखणदार. रक्कम त्याच्या हाती पडते, मालकी वारसांची असते. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ सालीच सांगितलं होतं, आणि कंपन्यांच्या शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं, म्हणजे सुप्रियोच्या निकालानंतर दोन महिन्यांच्या आत. विम्यापुरता या नियमाला २०१५ साली संसदेने अपवाद केला: नॉमिनी जर आईवडील, नवरा, बायको किंवा मुलं असतील, तर ती रक्कम त्यांच्या मालकीची. जोडीदार या यादीत नाही. त्याने रक्कम घ्यायची, आणि मयताच्या भावाने नोटीस पाठवली की त्याला देऊन टाकायची.

माझ्याकडे पन्नाशीचे दोन गृहस्थ आले होते. एकाच फ्लॅटमध्ये बरीच वर्षं राहणारे, फ्लॅट एकाच्या नावावर. ज्याच्या नावावर होता त्याची बायपास झालेली. त्यांची मागणी साधी होती: माझ्यानंतर याला घराबाहेर कुणी काढू नये. सोसायटीत नॉमिनेशन केलेलं होतं, त्याची पावतीही प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट जपून ठेवलेली. मी त्यांना महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातलं गृहनिर्माण संस्थांचं प्रकरण उघडून दाखवलं. सभासद वारला की नॉमिनीला संस्था घेते ती ‘तात्पुरता सभासद’ म्हणून, खरे वारस पुढे येईपर्यंत. मग सहयोगी सभासद करू या, असं ते म्हणाले. त्याची व्याख्याही दाखवली: नवरा, बायको, आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, जावई, सून, पुतण्या-भाचा, पुतणी-भाची. ज्याने बायपासच्या वेळी रात्री जागून काढल्या तो यात कुठे बसतो, हे त्यांनी विचारलं नाही. वाचून झाल्यावर चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, “बक्षीसपत्र?”

बक्षीसपत्राचं गणित असं आहे. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याला, बायकोला, मुलामुलींना किंवा नातवंडांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. वर स्थानिक अधिभार काय असेल तो. तेच घर परक्याला दिलं तर खरेदीखताइतकं शुल्क, रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी दरपत्रकाच्या भावाने. एक कोटीच्या फ्लॅटवर पाच लाखांच्या वर जातं. शिवाय प्राप्तिकर. नातेवाइकाकडून मिळालेली भेट करमुक्त असते. परक्याकडून वर्षात ५० हजारांच्या वर काही मिळालं तर ते उत्पन्न धरतात. आता प्राप्तिकर कायद्यातली नातेवाइकांची यादी वाचून बघा. मामा, मावशी, आत्या आहेत. बायकोचा भाऊ आहे. बायकोच्या बहिणीचा नवरासुद्धा आहे. म्हणजे साडूने पाच कोटी दिले तर कर नाही, आणि ज्याच्याबरोबर आयुष्य काढलं त्याने एक लाख दिले तर कर भरा. (साडू पाच कोटी देत नाहीत, तो भाग वेगळा.) या तरतुदीला एका समलिंगी जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने अॅटर्नी जनरलना नोटीस काढली आहे.

शेवटी त्या दोघांचं मृत्युपत्र केलं. मृत्युपत्राने मिळणाऱ्या मालमत्तेवर हा कर लागत नाही आणि मुद्रांक शुल्कही लागत नाही. पण मृत्युपत्राला आव्हान देता येतं. मनावर दबाव होता, आजारपणात सही घेतली, हे आरोप ठरलेले असतात. बायकोच्या नावे केलेल्या मृत्युपत्रावर दबावाचा आरोप करायला कोर्टात जरा जड जातं. ‘मित्रा’च्या नावे केलेल्या मृत्युपत्रावर तो आरोप सगळ्यात आधी येतो. आणि आला की पुढची दहा वर्षं तारखा.

यावर लगेच येणारा प्रश्न मला माहीत आहे: हे सगळे फ्लॅटवाल्यांचे प्रश्न ना? केंद्र सरकारनेही न्यायालयात हेच म्हटलं होतं, की ही मागणी म्हणजे शहरी उच्चभ्रूंचा दृष्टिकोन आहे. चंद्रचूडांनी आपल्या निकालपत्रात त्याला चांगलं उत्तर दिलं आहे: समलिंगी म्हणजे शहरात इंग्रजी बोलणारा, चांगल्या नोकरीतला माणूसच नव्हे, खेड्यात शेतावर राबणारी बाईही असू शकते. मी त्यात मराठीतली एक जुनी आठवण घालतो. र. धों. कर्वे यांचं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ पासून १९५३ पर्यंत चाललं. त्यात वाचक पत्रं लिहून लैंगिक प्रश्न विचारत आणि कर्वे उत्तरं देत. अशा उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली उच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ज्या प्रश्नांवरून हा गदारोळ झाला त्यांत समलिंगी संबंधांचे प्रश्नही होते. आंबेडकरांचा मुद्दा सरळ होता: लैंगिक विषयांवरच्या मासिकाला वाचकाने लैंगिक प्रश्न विचारला तर त्याचं उत्तर देणं हा गुन्हा कसा? खटला हरले. पण घोषणापत्रं आणि मिरवणुका येण्याच्या कितीतरी आधी, मराठीतून, पोस्टाने, कुणीतरी हा प्रश्न विचारत होतं. उच्चभ्रू म्हणावं असं त्यात काय आहे?

आणि हेही मान्य करू की गरीब मुलीचा प्रश्न प्राप्तिकराचा नसतोच. तिचा प्रश्न असा असतो की ती मैत्रिणीबरोबर घर सोडून गेली, की बाप पोलिसांत ‘मुलगी पळवली’ म्हणून तक्रार देतो, पोलीस तिला आणून परत बापाच्या ताब्यात देतात, आणि मग कुणाच्या तरी सल्ल्याने तिला ‘सरळ’ करायला डॉक्टरकडे किंवा भगताकडे नेतात. अशा प्रकरणांत उच्च न्यायालयांनी कसं वागावं याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये एका केरळच्या प्रकरणात दिले: मुलीशी न्यायाधीशांनी स्वतः, घरच्यांना दूर ठेवून बोलावं, समुपदेशनाच्या नावाखाली तिचं मन वळवायचा प्रयत्न करू नये. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, घरच्यांनी डांबून ठेवलेल्या पंचवीस वर्षांच्या तरुणीला मोकळं करताना एक पाऊल पुढे टाकलं. सुप्रियोच्या निकालाने लग्नाला मान्यता दिली नसेल, पण अशी जोडपी कुटुंब होऊ शकतात. कुटुंब व्हायला लग्न हा एकच मार्ग नाही, असं त्या खंडपीठाने लिहिलं. नात्याला कागदावर काही ना काही दर्जा असता, तर पोलीस ठाण्यातच ‘ही माझी कोण’ याचं उत्तर देता आलं असतं आणि मुलीला उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं नसतं. फ्लॅटवाल्याला लागणारा कागद आणि या मुलीला लागणारा कागद एकच आहे.

आता न्यायालयाने दाखवलेल्या दाराकडे येतो. हा विषय संसदेचा, संसदेकडे जा. तत्त्व म्हणून उत्तम. पण संसदेत काय घडतं ते बघू. १८ डिसेंबर २०१५ रोजी शशी थरूर यांनी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून प्रौढांचे राजीखुशीचे संबंध वगळण्यासाठी खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचं विधेयक, मांडायची परवानगी मागितली. विधेयक मंजूर करणं राहू द्या, नुसतं मांडू द्यायचं की नाही यावर मतदान झालं. विरोधात ७१, बाजूने २४. सभागृह ५४० च्या वर सदस्यांचं. बाकीचे तिथे नव्हते. मतदारसंघात परत गेल्यावर हो म्हणालात का नाही म्हणालात, असं कुणी विचारायलाच नको, त्यापेक्षा शुक्रवारी दुपारचं विमान पकडलेलं बरं. ते कलम अखेर संसदेने बदललंच नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला न्यायालयालाच ते काम करावं लागलं. १ एप्रिल २०२२ रोजी सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात समलिंगी जोडप्यांना जागा देणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. बारामतीच्या खासदाराने हे करावं याचं मला तेव्हाही कौतुक वाटलं, आजही वाटतं. पण स्वातंत्र्यानंतर आजवर चौदा खासगी विधेयकांचेच कायदे झालेत आणि त्यातलं शेवटचं १९७० सालचं आहे.

ज्यांची संख्या थोडी, ज्यांतले निम्मे आपण कोण हे घरीही सांगू शकत नाहीत, त्यांना मतांच्या जोरावर कायदा करून घ्या म्हणणं म्हणजे पंगत उठल्यावर जेवायला बोलावण्यासारखं आहे. मूलभूत हक्क आणि त्यांची राखण करणारं न्यायालय घटनाकारांनी ठेवलं ते नेमकं अशांसाठी, ज्यांची मतपेटीत भर पडत नाही.

मग न्यायालयाने काय करायला हवं होतं? स्वतः कायदा लिहायला नको होता, हे मी सुरुवातीलाच मान्य केलं. पण कायदा लिहिणं आणि हात झटकणं यांच्यामध्ये बरीच जागा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने डिसेंबर २००५ मध्ये संसदेला एक वर्ष दिलं आणि बजावलं, की वर्षात तुम्ही काही केलं नाही तर विवाह कायद्यात ‘किंवा जोडीदार’ हे शब्द आपोआप वाचले जातील. संसदेने मुदत संपायच्या तोंडावर, नोव्हेंबर २००६ मध्ये, कायदा केला. तैवानच्या न्यायालयाने मे २०१७ मध्ये दोन वर्षं दिली. मध्ये तिथे सार्वमत झालं आणि ते विरोधात गेलं. तरी मुदत डोक्यावर होती म्हणून संसदेने वेगळा कायदा करून मार्ग काढला आणि २४ मे २०१९ ला नोंदणी सुरू झाली. आणि मुदत असली पण ती चुकल्यावर काय होईल हे सांगितलं नाही, तर काय होतं? हाँगकाँग बघा. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारला दोन वर्षांत पर्यायी व्यवस्था करायला सांगितलं. सरकारने विधेयक आणलं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या विधिमंडळाने ते प्रचंड बहुमताने फेटाळलं. थायलंडने मात्र सगळं संसदेतूनच केलं. जानेवारी २०२५ पासून तिथे समलिंगी लग्नं होतात. तेव्हा संसद कधीच करत नाही असं मी म्हणत नाही. आपली संसद करेल, याला काही आधार आहे का, एवढंच विचारतो.

परदेशात जायचीही गरज नव्हती. विशाखा प्रकरणात १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल नियम घालून दिले, संसद कायदा करेपर्यंत हे चालतील म्हणून. संसदेला कायदा करायला २०१३ उजाडलं. सोळा वर्षं ते नियमच कायदा होते आणि आभाळ कोसळलं नाही. अगदी २०२३ च्याच मार्चमध्ये दुसऱ्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निवडणूक आयुक्त कसे नेमायचे याची पद्धत ठरवून दिली, संसद कायदा करेपर्यंत. तिथे अधिकारांच्या विभागणीची अडचण आली नाही. सुप्रियोमध्ये निदान एवढं करता आलं असतं: लग्न नाही, पण रुग्णालय, वारसा, निवृत्तिवेतन, विमा एवढ्यापुरतं, दोघांच्या नोंदणीकृत जबाबावर, अमुक तारखेपर्यंत हा मार्ग चालेल. ते झालं नाही. पुनर्विचार याचिका ९ जानेवारी २०२५ रोजी बंद दाराआड निकाली निघाल्या. मूळ पीठातले चार न्यायमूर्ती तोवर निवृत्त झाले होते, उरले होते एक.

‘समाज अजून तयार नाही’ हे वाक्य मराठी माणसाला नवं नाही. रखमाबाईंनी, लहानपणी लागलेलं लग्न मला मान्य नाही म्हणून नवऱ्याघरी जायला नकार दिला, तेव्हा १८८७ साली न्यायालयाने नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असं सांगितलं. ‘केसरी’ कुणाच्या बाजूने होता ते सर्वांना ठाऊक आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यालाही टिळकांचा विरोध होता: आधी समाज बदलू द्या, परक्या सरकारने कायद्याने लादू नये. टिळकांना निदान ‘परकं सरकार’ ही सबब होती. आज सरकार आपलं, संसद आपली, न्यायालयही आपलं. तरी समाजाच्या तयारीचं कारण तेच.

शिवाय समाजाची तयारी कायद्याच्या आधी झाली, असं उदाहरण शोधायला कष्ट पडतात. सत्यशोधकांनी १८७३ पासून भटजीशिवाय लग्नं लावली, तेव्हा गावागावांत त्यांना त्रास झाला, दक्षिणा बुडाली म्हणून जोशी कोर्टात गेले. तमिळनाडूत पेरियारांच्या चळवळीतली स्वाभिमान लग्नं मद्रास उच्च न्यायालयाने १९५३ साली बेकायदा ठरवली, कारण सप्तपदी नाही, होम नाही. चौदा वर्षांनी, अण्णादुराई मुख्यमंत्री झाल्यावर, विधानसभेने १९६७ मध्ये कायदा करून ती कायदेशीर केली, आधी झालेलीसुद्धा. मधल्या काळात त्या जोडप्यांच्या मुलांना वारसाहक्कासाठी कोण कोण कोर्टात खेचू शकत होतं याचा विचार करा. म्हणजे लग्न कशाला म्हणायचं हे आपण वेळोवेळी बदलत आलो आहोत, आणि दर वेळी जुन्या व्याख्येला सनातन म्हणत आलो आहोत.

एक आक्षेप चळवळीच्या आतूनच येतो आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. काही स्त्रीवादी आणि क्विअर कार्यकर्ते म्हणतात, लग्नसंस्थाच मुळात जात, मालमत्ता आणि पुरुषाचा हक्क सांभाळायला उभी आहे. तिच्या दारात जागा मागत कशाला उभं राहायचं? त्यापेक्षा माणसाला आपलं कुटुंब आपण निवडायची मुभा द्या, मग तो जोडीदार असो, मैत्रीण असो की म्हातारपणी एकमेकींना सांभाळणाऱ्या दोन बहिणी. बहिणींना निदान कायद्याची यादी ओळखते. मैत्रिणींना तीही नाही. हे म्हणणं मला पटतं, आणि त्यामुळेच मी लग्नाच्या शिक्क्यापेक्षा त्या शिक्क्याने उघडणाऱ्या दारांबद्दल एवढा वेळ बोलतो आहे. विशेष विवाह कायदा म्हणजे काही नंदनवन नाही. तीस दिवसांची नोटीस कार्यालयाबाहेरच्या फलकावर लागते, नाव, पत्ता, वय सगळं. आंतरधर्मीय जोडपी त्या फलकाला किती घाबरतात ते निबंधक कार्यालयात दोन तास बसलेल्या कुणालाही सांगता येईल. याचिकाकर्त्यांनी त्यालाही आव्हान दिलं होतं. न्यायालयाने तो प्रश्न सोडवला नाही.

या सगळ्यातून महाराष्ट्रापुरता एक मार्ग मला दिसतो, आणि त्यासाठी कॅबिनेट सचिवांच्या समितीची वाट बघायची गरज नाही. मुद्रांक शुल्काचे दर राज्याने ठरवायचे असतात. सहकारी संस्था हा राज्याचा विषय. २०० रुपयांच्या बक्षीसपत्राची सवलत कुणाला, हे मुंबईत ठरलं आहे, दिल्लीत नाही. सहयोगी सभासदाच्या व्याख्येत जावई आणि भाची विधानभवनातच बसवली गेली. मद्रास उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तमिळनाडू सरकारला सुचवलं होतं, की दोन व्यक्तींमधला ‘कौटुंबिक सहजीवनाचा करार’ नोंदवून घ्यायची पद्धत धोरणात आणायचा विचार करा. तसा करार आपल्या दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवता यावा आणि तो नोंदवणाऱ्या जोडीदाराचं नाव या दोन याद्यांत घालावं. समलिंगी हा शब्दही कायद्यात लिहायला नको. प्राप्तिकर, विमा, दत्तक हे केंद्राचे प्रश्न तसेच राहतील, मान्य. पण घर वाचेल.

महसूल खात्याचा आक्षेप काय असेल तेही सांगतो, कारण तो रास्त आहे: मुद्रांक शुल्क चुकवायला कुणीही कुणालाही जोडीदार दाखवेल. बिल्डर आपल्या भागीदाराशी सहजीवनाचा करार करून मोकळा होईल. त्याला बांध घालता येतो. एका वेळी एकच करार. लग्न झालेल्याला करता येणार नाही. नोंदणीनंतर दोन वर्षं गेल्याशिवाय सवलत नाही. करार मोडला तर वाचलेलं शुल्क व्याजासकट वसूल. दोन वर्षांची अट दत्तकाच्या नियमांत नवरा-बायकोला आजही आहे, तेव्हा तीही काही परग्रहावरून आणावी लागणार नाही. आणि शुल्क वाचवण्यासाठी ज्यांना खोटं नातंच दाखवायचं आहे, त्यांना खोटं लग्न करायची सोय आजही आहेच. म्हणून बायकोची सवलत काढून घ्या असं महसूल खात्याने अजून तरी सुचवलेलं नाही.